पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीची चावी फिरवण्यापूर्वी...

पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जाणे गोमंतकीयांना नवे नाही. जुलै २०२१ मध्ये म्हादई व तिच्या उपनद्यांना आलेल्या पुराने सत्तरी, डिचोली भागांत शेकडो घरांचे नुकसान केले. राजधानी पणजीत तर मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती यांची वेळ जुळली की पाण्याचा निचरा मंदावतो आणि १८ जून मार्ग, मळा यांसारखे सखल भाग जलमय होतात. अशा पाण्यात गाडी बंद पडली की चालकाचा हात साहजिकच पुन्हा चावीकडे जातो. परंतु बहुतेक वेळा इंजिनाचा घात पाण्यापेक्षा त्या एका कृतीनेच होतो.

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा तो आतील हवा दाबतो. पेट्रोल इंजिनात ही हवा साधारण दहापट, तर डिझेल इंजिनात पंधरा ते अठरापट दाबली जाते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाचा विचार केला, तर पिस्टन सर्वांत वर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये जेमतेम ३३ मिलीलिटर जागा शिल्लक राहते. म्हणजेच दोन-तीन मोठे चमचे पाणी आत गेले, तरी पिस्टनची वाट अडते. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते. अडलेल्या पिस्टनवर बाकीच्या इंजिनाचा जोर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. रॉड किंचितच वाकला असेल तर गाडी त्या दिवशी सुरूही होते. मात्र काही दिवसांनी तो तुटून इंजिन ब्लॉकलाच भगदाड पाडू शकतो.

पाणी आत शिरते ते हवा खेचणाऱ्या नळीतून. सायलेन्सर बुडाला म्हणून इंजिनात पाणी जाते, हा समज सर्वसाधारण आहे. पण इंजिन चालू असताना बाहेर पडणारा धूर पाण्याला मागे रेटत असतो. हवेच्या नळीचे तोंड मात्र अनेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा दिव्याजवळ, अपेक्षेपेक्षा बरेच खाली असते. त्यातच समोरून बस किंवा ट्रक गेला की उठणारी लाट या तोंडापर्यंत सहज पोहोचते. म्हणून पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल, तर पुढे न जाणेच शहाणपणाचे. वाहते पाणी याहूनही धोक्याचे असते. सुमारे ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, तर ६० सेंटिमीटरचा प्रवाह बहुतेक गाड्या वाहून नेतो. अशा वेळी गाडीपेक्षा जीव महत्त्वाचा. पाणी चढू लागताच काच खाली करून किंवा दार उघडून सर्वांनी बाहेर पडावे.

गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर इग्निशन बंद करावे आणि चावी पुन्हा फिरवू नये. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांनाही हाच नियम लागू आहे. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. गिअरमध्ये टाकून ढकललेली गाडीही पिस्टन फिरवतेच. न्यूट्रलमध्ये ठेवून ती उंचवट्यावर ढकलावी. पाणी ओसरल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नये, ती सपाट तळाच्या टोइंग वाहनावर चढवूनच न्यावी. विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी असेल, तर तिच्या केशरी रंगाच्या तारांना हात न लावता कंपनीच्या सेवा केंद्राला कळवावे.

गॅरेजमध्ये सर्वप्रथम एअर फिल्टर पाहिला जातो. तो ओला असेल तर पाणी इंजिनात गेल्याची शक्यता बळावते. नंतर डिपस्टिक काढून ऑईल तपासतात. त्याचा रंग दुधाळ, कॉफीसारखा झाला असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने सावकाश फिरवले की सिलिंडरमधील पाणी त्या छिद्रांतून बाहेर पडते. त्यानंतर ऑईल, ऑईल फिल्टर व एअर फिल्टर बदलावेत. गिअरबॉक्समधील तेल, इंधनाची टाकी, ब्रेक आणि विजेची जोडणी यांचीही तपासणी आवश्यक असते. हे सारे झाल्यावरच इंजिन सुरू करावे.

गाडी बंद न पडता पाण्यातून बाहेर आली, तरी काम संपत नाही. ओले ब्रेक पकड घेत नाहीत. त्यामुळे हळू चालवत ब्रेक अधूनमधून हलकेच दाबून वाळवावेत. दुसऱ्या दिवशी ऑईलचा रंग आणि एअर फिल्टर पाहून घ्यावा. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू नसली, तरी तिला बंद पडलेल्या गाडीचेच नियम लागू होतात. गोव्यात आणखी एक बाब महत्त्वाची. भरतीच्या वेळी खाडीलगत साचलेले पाणी खारट असते आणि त्याने तारांचे जोड व धातूचे भाग लवकर गंजतात. अशी गाडी शक्य तितक्या लवकर गोड्या पाण्याने खालून धुऊन तपासणीस न्यावी.

विम्याचा प्रश्न शेवटी येत असला, तरी तो सर्वांत खर्चिक ठरू शकतो. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराने झालेले नुकसान येते. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केल्याने इंजिन मोडले, तर ते ‘परिणामी नुकसान’ मानून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. तिच्याही अटी असतात, त्या पावसाळ्यापूर्वीच वाचलेल्या बऱ्या. गाडी हलवण्यापूर्वी पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत इंजिन खोलू देऊ नये.

पाण्यात अडकलेल्या चालकाला घरी पोहोचण्याची घाई असते, मागे भोंगे वाजत असतात आणि चावी हाताशीच असते. तिला तेवढा वेळ हात लावला नाही, तर ऑईल व फिल्टरच्या खर्चावर निभावण्याची आशा असते. ती फिरवली, तर नवे इंजिन घेण्याची पाळी येऊ शकते.