सावळ्या कातडीवर लाली शोधायची कशी?

बेडसोअरची पहिली खूण म्हणजे लाली, असं नर्सिंगच्या पुस्तकात असतं. लाल जागा बोटाने दाबायची. फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने 'अल्सर'ऐवजी 'इंज्युरी' हा शब्द घेतला तो याचसाठी: कातडी शाबूत असतानाही आत इजा झालेली असू शकते.

पण ही खूण गोऱ्या कातडीवर बेतलेली. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली बऱ्याचदा दिसतच नाही, आणि घरच्यांना कळतं ते जखम उघडल्यावर. म्हणून नुसतं बघू नका, हात लावा. माकडहाड, खुबे, टाचा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तिथे गरम किंवा गार लागतंय? घट्ट की लिबलिबीत? रंग जांभळट, काळपट? दुखतंय का, हेही विचारा.

शंका आली की त्या जागेवरचा भार काढा. कूस बदला, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटरीखाली उशी द्या. आणि तेल लावून चोळू नका! घरोघरी हे मायेनंच केलं जातं, पण आतल्या नाजूक झालेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. भार काढूनही फरक पडला नाही तर त्याच दिवशी नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा.