सुताचे वजन आणि अक्षरांतले बारा

प्रोग्राम न चालवता, नुसता त्याचा मजकूर वाचून चुका दाखवणाऱ्या साधनाला स्थिर विश्लेषक म्हणतात. १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असे साधन लिहिले आणि त्याचे नाव 'लिंट' ठेवले. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेले सुटे तंतू. नावच असे कापडातले; तेव्हा उदाहरणही यंत्रमागांच्या बऱ्हाणपुरातल्या सुताचेच घ्यावे.

तिथल्या इतवारा भागातल्या एखाद्या मागवाल्याचे सुताचे खाते पायथन भाषेतल्या प्रोग्राममध्ये आहे असे समजू. रकान्यात भरलेले वजन प्रोग्रामकडे संख्या म्हणून येत नाही, स्ट्रिंग म्हणजे अक्षरमाला म्हणून येते. १२ आणि ८ किलोच्या नोंदी मिळवल्या की २० ऐवजी १२८ होतात आणि प्रोग्राम कुठेही अडत नाही. वजनाचा प्रकार 'फ्लोट' म्हणजे दशांश संख्या असा लिहून मायपाय हा विश्लेषक चालवला, की स्ट्रिंग जिथे दिली ती ओळ तो दाखवतो. प्रकार न लिहिलेल्या फंक्शनच्या आत मात्र तो एरवी डोकावतच नाही.

दाखवलेली ओळ ही बहुधा दुरुस्तीची जागा नसते. तिथेच रूपांतर केले तर तेवढी तक्रार मिटते, पण तेच वजन पुढे जिथे जिथे लागेल तिथे पुन्हा रूपांतर करत बसावे लागते. मूल्य प्रोग्राममध्ये शिरते तो उंबरठा शोधून रूपांतर तिथे एकदाच करावे. ओळीने आलेल्या पुष्कळ तक्रारी मग एकदम जातात. रूपांतर करताना पायथन '१२.५' हे देवनागरी आकडेही समजून घेतो. '१२ किलो' लिहिले तर चालताना अडतो. विश्लेषकाच्या लेखी दोन्ही स्ट्रिंगच, म्हणून नोंदीची तपासणीही उंबरठ्यावरच हवी.

सर्वांत फसवी ती रिकामी नोंद. तिच्या जागी शून्य घातले तर विश्लेषकाची काहीच तक्रार नसते. पण वजन करायचे राहिलेले सूत आलेच नाही, असे खाते सांगू लागते. रिकाम्या नोंदीचा अर्थ काय, हे आधी खातेदाराला विचारावे.

तक्रार नुसती गप्प करण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. मूल्याचा प्रकार अमुक आहे असे विश्लेषकाला सांगणाऱ्या 'कास्ट'ने मूल्य बदलत नाही, फक्त विश्लेषकाची समजूत बदलते. ओळीवरच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करायला सांगणारी 'टाइप इग्नोर'ची खूण अगदी शेवटचा उपाय म्हणून, त्या तक्रारीच्या सांकेतिक नावासह आणि कारण लिहूनच करावी. तिची गरज संपल्यावर इशारा देण्याची सोय मायपायमध्ये आहे. ती चालू ठेवावी.