धांवत्या गड्याचें छायाचित्र

मागील वर्षीं हिंवाळ्यांत आपल्या शाळेच्या कबड्डी-संघाचा अखेरचा सामना समुद्रकांठीं झाला. कॅमेरा माझ्या हातांत होता. दहावींतील एका विद्यार्थ्यानें तीन गडी अंगावर असतां मध्यरेषेस हात लावला आणि सामना जिंकून दिला. त्या क्षणाचें जें चित्र मला मिळालें, त्यांत पंचाची पाठ, उडालेली वाळू आणि एक अस्पष्ट पाय एवढेंच दिसतें. पुढें तो मुलगा शाळा संपवून वडिलांबरोबर होडीवर जाऊं लागला. एके दिवशीं त्याची आई शाळेंत आली व तिनें त्या सामन्यांतील मुलाचा फोटो मागितला. देण्याजोगा एकहि नव्हता. तेव्हांपासून या विषयाचा जो थोडा अभ्यास मीं केला, तो विद्यार्थिमित्रांपुढें मांडतों.

चित्र बिघडलें कीं आपण यंत्रास दोष देतों. वस्तुतः दोष बहुधा वेळेचा असतो. एखादी गोष्ट डोळ्यांस दिसल्यापासून बोट हालेपर्यंत सुमारें एक-पंचमांश सेकंद जातो. शंभर मीटर अंतर चौदा सेकंदांत तोडणारा मुलगा तेवढ्या अवधींत सुमारें १.४ मीटर पुढें गेलेला असतो. म्हणजे प्रसंग पाहून बटण दाबणाऱ्यास प्रसंग संपल्यानंतरचें चित्र मिळतें. बटण दाबावयाचें तें प्रसंग घडल्यावर नव्हे, तो घडणार हें ओळखून. आणि तें ज्यास खेळ कळतो त्यासच ओळखतां येतें. हल्लींच्या मोबाइलांत एका सेकंदांत दहा-वीस चित्रें घेण्याची सोय असते. तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु जागाच चुकली असेल तर एका पाठीचीं वीस चित्रें मिळतील, इतकेंच.

जागेचा विचार कबड्डीवरूनच करूं. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तो खेळ कोणास समजावून सांगावयास नको. पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा आणि तिच्यापुढें एक मीटरवर बोनस रेषा असते. चढाईस ३० सेकंद मिळतात. त्यांतील बराच काळ गडी नुसता झुलत असतो आणि त्या वेळचीं चित्रें एकसारखींच दिसतात. खरा प्रसंग दोन ठिकाणीं घडतो: निदानरेषेपलीकडे, जेथें कोपऱ्यावरचा गडी त्याचा घोटा धरतो, आणि मध्यरेषेवर, जेथें साखळी अंगावर घेऊन तो हात ताणतो.

पूर्वीं मी प्रतिपक्षाच्या मागें बसत असें, कारण तेथून चढाई करणाऱ्याचा चेहरा दिसतो. परंतु पकड होतांच सगळ्यांच्या पाठी मध्यें येतात. मागील वर्षीं मला दगा दिला तो याच जागेनें. आतां मी त्याच्या स्वतःच्या अंगणाच्या कडेस, मध्यरेषेपासून दोन-तीन मीटर मागें बसतों. रेषेच्या टोंकाशीं पंच असतो, त्याची वाट सोडावी. येथून पकडणाऱ्यांचे चेहरे दिसतात, आणि तो परत वळून मध्यरेषेकडे झेपावला म्हणजे त्याचाहि दिसतो. मांडी घालून खालीं बसावें. उभ्यानें काढलेल्या चित्रांत गडी वाळूंत बुडाल्यासारखा दिसतो, बसून काढलेल्यांत त्याची आकृति आकाशावर उमटते. आरंभीं दोन-तीन चढाया नुसत्या पाहाव्या, म्हणजे कोणता गडी कोणत्या अंगानें शिरतो तें कळतें. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हां आपणहि उठावें. मीं अनेकांस तेथेंच बसून राहिलेलें पाहिलें आहे!

आतां अस्पष्टतेविषयीं. कॅमेऱ्याचा पडदा जेवढा काळ उघडा राहतो, तेवढ्या काळांत गडी सरकला तर चित्र पुसट येतें. सेकंदास सात मीटर धांवणारा मुलगा १/१२५ सेकंदांत साडेपांच सेंटिमीटरांहून अधिक सरकतो. १/१००० सेकंदांत अवघे सात मिलिमीटर. म्हणून दिवसाउजेडीं १/१००० हें मान धरावें. गडी समोरून आपल्याकडे येत असेल तर त्याहून कमी वेगहि चालतो, कारण चित्रांत तो आडवा सरकत नाहीं. व्हॉलीबॉलमध्यें निसर्गच आपणांस साहाय्य करतो. उडीच्या सर्वोच्च बिंदूनंतर पहिल्या एक-विसांश सेकंदांत शरीर जेमतेम सव्वा सेंटिमीटर खालीं येतें. तेथें खेळाडू हवेंत टांगल्यासारखाच असतो.

पुसटपणा नेहमींच दोष असतो असें मात्र नाहीं. अलिबाग-मुरुडच्या बाजूस ओहोटीनें उघड्या पडलेल्या ओल्या, कठीण वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें त्या बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. तेथें पडदा १/६० सेकंद उघडा ठेवावा आणि गाडीच्या वेगानेंच कॅमेरा आडवा फिरवीत बटण दाबावें. गाडी स्पष्ट येते, मागील सुरूचीं झाडें रेघांसारखीं ओढलीं जातात, आणि वेग डोळ्यांस दिसतो. मात्र उधळलेली जोडी वाट पाहून धांवत नाहीं; दोराच्या आंत पाऊल टाकूं नये. जनावरांच्या पायांची गति नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं, हें १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यानें सिद्ध केलें. त्यानें धांवपट्टीच्या कडेस बारा कॅमेरे ओळीनें मांडून भरधांव घोड्याचीं चित्रें घेतलीं. घोड्याचे चारहि पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात खरे. पण चित्रकार दाखवीत तसे पुढेंमागें पसरून नव्हे, तर पोटाखालीं गोळा होऊन!

आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळें सायंकाळीं सूर्य समुद्रावर असतो. समुद्राकडे पाठ करून बसल्यास गड्यांच्या मुखावर सोनेरी उजेड पडतो. उलट बसल्यास केवळ काळ्या आकृति मिळतात. रात्रीं विजेच्या उजेडांत सामना असेल तर कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी, चित्र थोडें रवाळ आलें तरी चालेल. फ्लॅश मात्र वापरूं नये, चढाई करणाऱ्याचे डोळे दिपतात. भिंगावर वाळू बसल्यास ती आधीं फुंकून काढावी, मगच फडक्यानें पुसावें. एरव्हीं चरे पडतात.

पालकांस एक विनंति. मुलगा पडला, रडला, त्याचे कपडे फाटले, असें चित्र हातीं आलें तर तें त्यास विचारल्यावांचून कोणास पाठवूं नये. पराभवाचें चित्र काढूं नये असें मी म्हणत नाहीं, त्यांत पुष्कळदां अधिक जीव असतो. पण तें त्याचें आहे.

शिमग्याला होड्या किनाऱ्यास लागतील, तेव्हां त्या गांवीं सामना व्हावयाचा आहे. तो मुलगा गांवच्या संघांतून खेळणार असल्याचें त्याच्या आईनें कळविलें आहे. मी समुद्राकडे पाठ करून, त्याच्या अंगणाच्या कडेस, मध्यरेषेच्या दोन मीटर मागें बसणार आहें.