उन्हाळी शिबिर : पत्रकात न छापलेल्या सोयी

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पनवेलच्या नाक्यानाक्यावर शिबिरांचे फलक लागतात. संस्कार शिबिर, साहस शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर! कुठे कर्नाळ्याच्या परिसरात, कुठे माथेरानच्या पायथ्याशी, मुले आठ-दहा दिवस घराबाहेर राहतात. आपल्या रायगड जिल्ह्याला हे नवे नाही. माणगाव तालुक्यात वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथेही मुलांची शिबिरे भरतात.

शिबिराने मुलांचे भलेच होते. आपले ताट आपण घासणे, अंथरुणाची घडी घालणे, नावडती भाजी निमूटपणे खाणे या गोष्टी घरी महिनोन् महिने सांगून होत नाहीत, त्या तेथे चार दिवसांत होतात. मात्र पालक फी विचारतात, कार्यक्रम विचारतात. पाणी, झोपण्याची जागा आणि जवळचा दवाखाना यांविषयी क्वचितच विचारतात. पैसे भरण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

पाणी आणि स्वच्छतागृह

मे महिन्यात विहिरी तळाला जातात. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यातून कावीळ, विषमज्वर, जुलाब होऊ शकतात. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेले हवे. जेवणापूर्वी व शौचानंतर हात धुण्यासाठी साबण हवा. स्वच्छतागृहे अस्वच्छ किंवा अपुरी असली की मुले, विशेषतः मुली, मुद्दाम पाणी कमी पितात आणि लघवी तुंबवून ठेवतात. मग घरी आल्यावर लघवीची जळजळ व ताप सुरू होतो.

दुपारचे ऊन

आपल्याकडची हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग लवकर थंड होत नाही. खेळ आणि डोंगरावरची भटकंती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असावी. दुपारी १२ ते ४ मुलांनी सावलीत बसून चित्रे काढावीत, गोष्टी ऐकाव्यात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पाजावे. जुलाब झाल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे द्यावे. मूल बरळू लागले, अंग तापून सुस्त पडले, तर अंग ओले करून वारा घालीत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रात्र

मुलांना किमान ९ तास झोप हवी. शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपवावे. अंथरूण व बूट झटकूनच वापरावेत. रात्री बॅटरीशिवाय, अनवाणी बाहेर जाऊ देऊ नये.

कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठू शकतो. विंचू चावल्यावर घाम सुटणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यामुळे असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु हे औषध वेळेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मिळायला हवे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हात किंवा पाय स्थिर ठेवून मुलाला उचलून न्यावे. सापाच्या विषावरील इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात मिळते हे संयोजकांना आधीच ठाऊक हवे. रात्रीसाठी वाहन तयार हवे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण दुर्गम जागी तिला पोहोचायला वेळ लागतो. नदीत किंवा धरणात पोहण्याचा कार्यक्रम असेल, तर जीवरक्षक असल्याखेरीज परवानगी देऊ नये.

पालकांचे काम

दमा, आकडी, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती लपवू नये. शिबिरातून परत पाठवतील या भीतीने लपवलेला आजार मध्यरात्री उघडा पडतो, तेव्हा जवळ आईवडील नसतात. औषधे, त्यांची मात्रा व आपला फोन नंबर कागदावर लिहून द्यावा. दहाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन झाले आहे ना, ते पाहावे. मूल अंथरुणात लघवी करीत असेल तर ताईंना किंवा दादांना एकांतात सांगावे. मुलाला त्याची लाज वाटते. पहिल्या दोन रात्री घरची आठवण येऊन रडू येणारच. तेवढ्यासाठी लगेच न्यायला धावू नये.

या चौकशीने संयोजक चिडत असतील, तर दुसरे शिबिर पाहावे. जे शांतपणे उत्तरे देतात, पाण्याची टाकी दाखवतात, डॉक्टरांचे नाव सांगतात, त्यांच्याकडे मूल खुशाल पाठवावे. ते चार गोष्टी शिकून, उन्हाने थोडे काळवंडून आणि ठणठणीत परत येईल.