पीळ मुरुडशेंगेचा

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाकडच्या मुरमाड माळांवर पावसाळ्यात फिरताना मुरुडशेंगेचं झुडूप दिसलं, तर फुलं नीट पाहा. एकाच फांदीवर काही फुलं लालभडक असतात, काही करडी-निळसर. जात एकच, फरक वयाचा. ताजं फूल लाल असतं, आणि शिळं होता होता निळसर पडत जातं. लाल रंग हा शिंजिरासारख्या पक्ष्यांना हमखास दिसणारा. शिंजीर मध प्यायला चोच आत घालतो, तेव्हा लांब दांड्यावर बाहेर डोकावणारे पुंकेसर त्याच्या डोक्याला परागकण फासतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीला ‘हेलिक्टेरस’ नाव दिलं, ते ग्रीक भाषेतल्या पिळाच्या शब्दावरून. आपल्या लोकांनी मात्र लिनियसची वाट पाहिली नव्हती! पाच शेंगा दोरीसारख्या एकमेकींत पिळल्या गेलेल्या, म्हणून मुरुडशेंग. पोटात मुरडा आला की हीच उगाळायची. पीळ बघून पिळावर औषध हा तर्क मला जरा गमतीदार वाटतो, पण बाळगुटीत ती आजही असते.

कूळ म्हणाल तर कापूस-भेंडीचं. त्यामुळे सालीत चिवट धागा असणं ओघानंच आलं. त्याचे दोर वळत. शेंग वाळून उकलली की बारीक बिया खाली सांडतात.