लहान-मोठ्या चौकोनांची गोधडी

हिमायतनगरच्या आमच्या बचत गटातल्या एकीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्यासाठी आम्ही १५ जणींनी गोधडी करायचं ठरवलं. प्रत्येकीने घरच्या जुन्या सुती कपड्याचे १२ इंची दोन चौकोन आणायचे.

३० चौकोन आले. टेप लावली तर कुठे ११, कुठे १३. कुणी वितीने मोजलेलं, कुणी शिवणीसाठी माया धरलीच नव्हती. आम्ही पटकन बोलून गेलो, सगळेच ११ ला कापून टाकू. गटातल्या एका मावशींनी काही न बोलता आपले चौकोन पिशवीत परत घातले. त्यांच्या आईच्या लुगड्याचे होते ते. आई आता नाही. काठ आत यावा म्हणून त्यांनी १३ इंच घेतले होते. दोन इंच कापले की काठच गेला.

मग कात्री ठेवली आणि उलटं केलं. मोठ्याला कापायचं नाही, लहानाला वाढवायचं. प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी एकाच रंगाची पट्टी लावून सगळे १४ इंचांचे करायचे. हिशेब असा: चौकोन ११ चा, म्हणजे ३ इंच कमी. दोन्हीकडच्या शिवणींत मिळून २ इंच जातात, कारण प्रत्येक शिवण दोन्ही कापडांतून अर्धा-अर्धा इंच खाते. झाले ५, म्हणजे एकेक पट्टी अडीच इंच रुंद. १२ ला दोन इंच, १३ ला दीड इंच.

पण पट्टी अर्धा इंच जास्तच कापा. आधी डावी-उजवीकडे लावा, मग वर-खाली. नंतर १४ इंची पुठ्ठा मधोमध ठेवून बाहेरची पट्टी छाटा. चौकोन जरा वाकडा असला तरी पट्टीत तो वाकडेपणा जिरतो. उरेब कापलेली कड मात्र ओढू नका, ती ताणते आणि मग गोधडीला झोळ येतो. पट्टीचं कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या. आम्ही एक पट्टी तशीच लावली, ती पहिल्या धुण्यातच आटली.

५ चौकोनांची ओळ, अशा ६ ओळी. शिवणीसमोर शिवण आणून टाचणी लावायची. तयार गोधडी ६५ बाय ७८ इंच.

आपल्या आज्यांना हा घोळच नव्हता. तेलंगणातून आलेल्या आमच्या सुना गोधडीला बोंत म्हणतात. तिकडच्या असोत की इकडच्या, म्हाताऱ्या बाया खाली जुनं लुगडं अंथरून कोपऱ्यापासून तुकडे लावत जायच्या. पुढच्या तुकड्याची कड दुमडून मागच्यावर, आणि वरून धावदोरा. मापच नको. पण त्याला एका जागी बसावं लागतं. आमच्या बायकांना शेतातून आल्यावर आपापल्या घरीच वेळ मिळतो, म्हणून चौकोन.

मावशींचे दोन्ही चौकोन मधल्या ओळीत आहेत, काठासकट. तो पुठ्ठा बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगलाय. माप उतरवून घ्यायचं असेल तर या.