जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 टाकताय? आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते बघा

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, सगळीकडे एकच प्रश्न आहे, आता विंडोज 11 टाकायचं का? तालुक्याला मशीन नेलं की टाकूनही मिळतं. पण घरी आणून चालू केलं की कधी कधी वेगळाच प्रकार दिसतो. अक्षरं मोठाली, स्क्रीन ताणल्यासारखी, व्हिडिओ अडखळतो, फॉर्मचं पान खाली सरकवलं तरी झटके बसतात. रॅम कमी पडत असेल म्हणून रॅम वाढवली जाते, तरी फरक नाही. अशा वेळी दुखणं बऱ्याचदा ग्राफिक्सचं असतं.

स्क्रीनवर जे दिसतं ते काढण्याचं काम ग्राफिक्स चिप करते. काही मशीनमध्ये ती प्रोसेसरच्या आतच असते, काहींत वेगळं कार्ड बसवलेलं असतं. विंडोज आणि ही चिप यांच्यात ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. नवं विंडोज आलं की दुभाषाही नवा लागतो, आणि तो चिप बनवणाऱ्या कंपनीने बनवायचा असतो. कंपनीने हात वर केले तर विंडोज स्वतःचा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लावून वेळ मारून नेतं. चित्र दिसतं, पण चिप नुसती बसून राहते आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. बैल गोठ्यात बांधून माणसाने नांगर ओढावा तशातली गत.

आता नेमकं अडतं कुठे? ऑफिसातून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप गावात भरपूर आलेत. त्यातल्या दुसऱ्या पिढीच्या इंटेल आय-3, आय-5 मधल्या एचडी 2000 आणि 3000 ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज 10 चाच ड्रायव्हर काढला नाही, 11 ची गोष्ट लांबच. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीच्या कार्डांचे (जीफोर्स 400 आणि 500 मालिका) नवे ड्रायव्हर 2018 मध्येच थांबले. त्यानंतरच्या केप्लर पिढीला विंडोज 11 वर चालणारा ड्रायव्हर आहे, पण तिचेही सुरक्षेचे अपडेट 2024 ला बंद झाले. जीटी 730 घेताना तर जास्तच सावध राहावं. या एकाच नावाखाली काही कार्डं फर्मीची आहेत, काही केप्लरची.

विंडोज 11 ला डायरेक्टएक्स 12 आणि डब्ल्यूडीडीएम 2.0 ड्रायव्हर चालवणारं ग्राफिक्स लागतं. शिवाय टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ही तपासणी चुकवून विंडोज टाकून देणारे आहेत. तपासणी चुकवता येते हो, पण नसलेला ड्रायव्हर कुठून आणणार? आणि अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच पाहा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, डी-एक्स-डी-आय-ए-जी अशी सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. ‘डिस्प्ले’ भागात चिपचं नाव आणि ‘ड्रायव्हर मॉडेल’ दिसेल. विंडोज 7 असेल तर तिथे 1.1 च्या वर आकडा जात नाही, कारण ते विंडोजच तेवढं आहे. त्यामुळे आकड्यापेक्षा नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्या नावाला कोणत्या विंडोजपर्यंत ड्रायव्हर आहे ते बघा. कुठल्याही ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या जाहिरातीवर बोट ठेवू नका.

नवीन कार्ड टाकून काम भागेल का? कधी कधी भागतं. जीटी 1030 ला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, 30 वॉटमध्ये चालतं, आणि त्याला सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत देणार असं एनव्हिडियाने सांगितलंय. पण त्याला जुना निळा व्हीजीए पोर्ट नाही, म्हणजे जुन्या मॉनिटरसाठी कन्व्हर्टरचा खर्च धरा. डेस्कटॉप बारीक असेल तर आखूड पट्टीचं, लो-प्रोफाइल कार्डच आत बसतं. आणि प्रोसेसरच दुसऱ्या पिढीचा असेल तर कार्डावर पैसे घालून विंडोज 11 ची अट काही पूर्ण होत नाही.

जुनं कार्ड ठेवून सिक्युअर बूट चालू करणाऱ्यांनाही फटका बसतो. 2012 च्या आधीच्या बऱ्याच कार्डांत त्यासाठी लागणारा भाग नसतो, मग मशीन चालू होऊनही स्क्रीन काळीच राहते.

अशा मशीनसाठी लिनक्स मिंट हा बिनपैशाचा पर्याय आहे. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या आतच येतात. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येतं. मात्र अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र आणि जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर त्यावर चालतील का, हे त्याच वेळी तपासा. सेवा केंद्राचं काम तिथेच अडकतं.

विंडोज 10 वरच थांबायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात. आणि ज्यांनी 10 वरूनच अपग्रेड करून 11 घेतलंय त्यांना, स्क्रीन बिघडली तर, सेटिंगमधल्या ‘रिकव्हरी’तून 10 दिवसांच्या आत मागे जाता येतं. सगळं पुसून नव्याने टाकलं असेल तर ती सोय नाही. फॉर्म भरण्याचे दिवस चालू असताना हा उद्योग काढू नये, आणि फोटो, कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर घ्यावीत.